खासगी जमिनीतलं कांदळवन: पाळत कशी ठेवायची, तक्रार कशी टिकवायची

सातबारा खासगी मालकाच्या नावावर असला, तरी त्या जागेतली तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, तोडता येत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात राज्यभर कांदळवनं तोडायला बंदी घातली, जमीन कोणाचीही असो. कडेच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकाम किंवा राडारोडा चालत नाही.

जाणकार माणूस मात्र कोयता लावतच नाही, तो पाणी तोडतो. भरतीचं पाणी आत आणणाऱ्या ओहोळाच्या, म्हणजे नाळेच्या तोंडाशी भराव पडतो किंवा उघाडी, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बंद होते. भरतीचं पाणी आत येईनासं झालं की पानं पिवळी पडतात, जमिनीवर मिठाची पांढरी साय धरते आणि हळूहळू झाडं उभ्या उभ्या वाळतात. उलटा प्रकारही तितकाच घातक: पाणी आत कोंडून राहिलं तर श्वासमुळं सतत बुडून गुदमरतात. सांडपाणी साचलेल्या जागी पाणकणीस हे उंच पाणगवत वाढताना दिसलं, तर खारं पाणी येणं थांबलंय असं समजा.

म्हणून पाहणीची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत मोठं उधाण येतं; भरतीच्या टोकाला एकदा आणि साधारण सहा तासांनी ओहोटीला एकदा बघा. उधाणाचं पाणी पूर्वी पोहोचायचं तिथे आता पोहोचत नसेल, तर उत्तर नाळेच्या तोंडाशी सापडेल. पाहणी सार्वजनिक रस्त्यावरून किंवा बांधावरून करा. विनापरवाना आत शिरलात तर मुद्दा तुमच्यावरच उलटतो.

तक्रार बहुधा जुन्या नोंदीअभावी पडते. काहीही बिघडण्याआधी गटनंबर, गटनकाशा आणि गूगल अर्थवरच्या जुन्या, तारीख दिसणाऱ्या प्रतिमा जपून ठेवा. तुलना एकाच महिन्याच्या प्रतिमांची करा, कारण मे महिन्यातलं खाजण (भरतीच्या पाण्याची खारी जमीन) तसंही करडं दिसतं. दोन-तीन ठरावीक जागांवरून, विजेचा खांब किंवा उघाडीची भिंत चौकटीत येईल असे फोटो दर महिन्याला काढा. लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल सांभाळा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून जागेची माहिती गळून जाते. पुढे फोटो पुरावा म्हणून दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, नोंदवावी लागते. मोबाइलचं जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर चुकतं. भराव हद्दीलगत असेल तर भूमी अभिलेखची मोजणी व्हावी, अशी मागणी करा. नाहीतर ‘हा आमचा गटच नाही’ हे उत्तर ठरलेलं.

तक्रार एका पानाची पुरते: गाव, तालुका, गटनंबर, अक्षांश-रेखांश, काय बदललं, कधी दिसलं. ती तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला देऊन पोच घ्या. मागण्यांचा क्रम महत्त्वाचा: आधी काम थांबवा, मग भराव मूळ पातळीपर्यंत काढा, नाळ मोकळी करा, आणि लागवड सगळ्यात शेवटी. भरावावर लावलेली रोपं जगत नाहीत, कारण तिथे भरतीचं पाणी चढत नाही. फोटोपुरती लागवड मात्र उरकली जाते.

कायद्याचे जुने नमुने वापरू नका. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मध्ये पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून त्याऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे.

कचेरीत नुसत्या तारखा पडत राहिल्या, तर दाद मागायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पुण्याचं पश्चिम विभागीय खंडपीठ आहे. नुकसानभरपाई मागत नसाल तर अर्जाचं शुल्क १००० रुपये. मुदत मात्र कडक आहे: न्यायाधिकरणाच्या कायद्याच्या कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवस. जागा पूर्ववत करून मागण्यासाठी त्याच कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात. अर्जात दोन्ही कलमं घाला, आणि भराव पहिल्यांदा दिसल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा.