शून्य बफर मारण्याआधी

पुण्यातल्या प्रभागांचे किंवा मुठाकाठच्या प्लॉटचे पॉलिगॉन (बंद हद्दीचे आकार) क्लिप करताना, म्हणजे कापताना, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर ‘इनव्हॅलिड जिऑमेट्री’ (आकार सदोष आहे) म्हणत अडून बसलं, तर लगेच शून्य अंतराचा बफर मारू नका. (बफर म्हणजे हद्द ठरावीक अंतराने फुगवणं; अंतर शून्य दिलं की आकार नुसता नव्याने बांधला जातो.) हद्द स्वतःलाच छेदून डमरूसारखी झाली असेल, तर या जुगाडात एक बाजू गुपचूप गायब होऊ शकते. एररही येत नाही.

आधी ‘चेक व्हॅलिडिटी’ चालवा; चूक नेमकी कुठे आहे ते पॉइंट लेयरवर दिसतं. मग दुरुस्तीला ‘फिक्स जिऑमेट्रीज’, आणि मूळ लेयर जपून ठेवायचा. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये हेच काम एसटी_मेकव्हॅलिड हे फंक्शन करतं. त्यातून कधीकधी पॉलिगॉनसोबत रेषाही निघतात. एसटी_कलेक्शनएक्स्ट्रॅक्टला 3 देऊन फक्त पॉलिगॉन उचला.

क्षेत्रफळ ताडून बघाच, पुण्यासाठी ईपीएसजी 32643 या मीटरमध्ये मोजणाऱ्या निर्देशांक प्रणालीत. मात्र डमरूच्या दोन बाजू एकमेकींतून वजा होतात, त्यामुळे दुरुस्तीआधीचा आकडाच खोटा असतो. फरक दिसला की खाली उपग्रहचित्र लावून व्हर्टेक्स टूलने (हद्दीचे कोपरे हलवायचं साधन) हद्द हातानेच सरळ केलेली बरी.

शेजारच्या प्लॉटमधल्या फटी या दुरुस्तीने बुजत नाहीत. दोन्ही पॉलिगॉन आपापल्या परीने व्हॅलिडच असतात. त्या शोधायला क्यूजीआयएसमधलं टोपोलॉजी चेकर हे प्लगइन.