ड्राय सिरप कालवताना

पिंपरीत माझं मेडिकल आहे. लहान मुलांसाठी अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचं ड्राय सिरप, म्हणजे पाण्यात कालवायची पावडर, नेणाऱ्या प्रत्येकाला मी दोन मिनिटं थांबवते.

आधी कोरडी बाटलीच तळहातावर चार-पाच वेळा आपटा. पावडर तळाशी घट्ट बसलेली असते, मोकळी झाली नाही तर गुठळ्या होतात. सोबत पाण्याची कुपी असेल तर तेच पाणी, नाहीतर उकळून पूर्ण गार केलेलं. निम्मं घालून जोरात हलवा, मग बाटलीवरच्या खुणेपर्यंत भरा. फेस बसेपर्यंत थांबा. फेस धरून खूण बघितलीत तर पाणी कमी पडतं. गेल्या पावसाळ्यात एका आजींनी बाटली गळ्यापर्यंत भरली होती. औषध पातळ झालं आणि पाच मिलीतून नातवाला पुरेसा डोस गेलाच नाही. मी त्यांना नवी बाटली दिली.

पावडरच का देतात? माझे सासरे इथल्याच हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली उभी राहिलेली ही कंपनी पेनिसिलिनसाठीच. ते म्हणायचे, पेनिसिलिनचं पाण्याशी फार दिवस जमत नाही. अमॉक्सिसिलिन त्याच घराण्यातलं. त्याच्या रेणूत चार अणूंची एक कडी असते, ती पाण्यात हळूहळू तुटते, आणि सगळं काम तर तिच्यावरच.

ते काम असं. जिवाणूभोवती विणलेल्या जाळीसारखी भिंत असते. वाढताना तो जुनी वीण उसवतो आणि नवे टाके घालतो. टाके घालणारं एन्झाइम औषधालाच धागा समजून पकडतं आणि तिथेच अडकून पडतं. उसवणं मात्र चालूच राहतं. आतल्या दाबाला ती विरलेली भिंत पुरत नाही आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसते. विषाणूंनाही नसते, म्हणून साध्या सर्दीला हे औषध मागू नका, मी देणार नाही.

भिंत बांधायला काढली तरच हा घाव बसतो, त्यामुळे औषध अंगात सतत पुरेसं असावं लागतं. चुकलेला डोस पुढच्याबरोबर दुप्पट देऊन ती मधली वेळ भरून निघत नाही. डॉक्टरांनी आठ तासांनी लिहिलं असेल तर सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. झोपलेल्या लेकराला उठवायला जीव होत नाही, पण उठवा.

दर वेळी बाटली हलवा, माप सोबतच्या कपानेच घ्या, घरातल्या चमच्याने नको. अंगावर पुरळ आलं तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरांना फोन. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर थेट दवाखाना गाठा.

कालवल्याची तारीख मी मार्करने बाटलीवर लिहून देते. लेबलवर सात दिवस असतील तर आठव्या दिवशी उरलेलं धाकट्यासाठी जपून ठेवू नका.