दरडीखालचं घर: पावसाळ्यात या चुका टाळा

तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. त्याआधी २००५च्या जुलैत महाडजवळचं जुई आणि दासगाव. या सगळ्या गावांवर दरड कोसळली ती जुलैतच. जुलै येईपर्यंत डोंगराने महिनाभराचं पाणी पोटात घेतलेलं असतं. आपल्याकडे कोकणात जांभ्याखाली, म्हणजे लाल भोकाळ दगडाखाली, बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर आहे. जांभ्याच्या भोकांतून झिरपलेलं पाणी तिथे अडतं आणि वरचं सगळं निसटायला लागतं.

आमच्या घरामागे एका पावसात भेग पडली. दोन बोटं रुंद, काजूच्या मुळापासून गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, वळत गेलेली. आम्ही ती मातीने बुजवली, पायाने चोपली आणि निर्धास्त झालो. माती भरणं चूक नव्हतं, त्याने पाणी आत कमी जातं. चूक झाली ती पुन्हा न बघण्यात. चौथ्या दिवशी भेग उघडली होती आणि तिची खालची कड वीतभर खचली होती. त्या रात्री आम्ही काकांकडे झोपायला गेलो. पहाटे माती गोठ्याच्या भिंतीला येऊन टेकली. म्हणून भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोका आणि सकाळ-संध्याकाळ अंतर मोजा. बोटभर जरी वाढलं तरी घर सोडा, आणि तहसील कार्यालयाला कळवा.

दार अचानक अडकायला लागलं की ओलीने फुगलं असेल म्हणून आपण सोडून देतो. चौकटीला ओळंबा लावून बघा. चौकट तिरकी झाली असेल तर जमीन सरकत असू शकते.

वारा सुटला की झाड कौलांवर पडेल एवढीच भीती वाटते. पण उतारावरचं झाड हेलकावे खातं तेव्हा मुळांशी माती उसवते आणि पाणी तिथूनच आत शिरतं. वादळ सरल्यावर बुंध्याकडेही नजर टाका.

पाऊस कोसळतोय आणि पऱ्याचं, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्याचं, पाणी मात्र एकाएकी कमी झालं, किंवा गढूळ होऊन पाला-काटक्या घेऊन येऊ लागलं, तर वर काहीतरी अडलं किंवा घसरलं असू शकतं. ते बघायला पऱ्याने वर चढू नका. कितीही अनुभवी माणूस असला तरी नाही.

उघडीप मिळाली म्हणून लगेच परतणं हीही चूकच. मुरलेलं पाणी पाऊस थांबल्यावरही आत चालत राहतं. घराच्या जागेसाठी जेसीबीने डोंगराचा पायथा उभा कापणं तर मला अक्षम्य वाटतं. त्याची किंमत वरच्या आणि खालच्या, दोन्ही घरांना मोजावी लागते.

निघायचं ते उजेडी निघा. पऱ्याच्या कडेने खाली उतरू नका, उताराला आडवे जा. दावी आधीच सोडून ठेवा, म्हणजे गुरांसाठी कुणाला मागे फिरावं लागत नाही. मदतीला ११२ लावा. आणि आजीला उचलून कोण नेणार, हे दुपारीच ठरवून ठेवा.