प्लॉट ओढू नका, शून्यावर आणा

आमच्या नाटकाचा दौरा सुरू झाला तेव्हा मी नवं नाट्यगृह म्हटलं की ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा लाइट प्लॉट (कुठला दिवा कुठे लागणार त्याचा नकाशा) सिलेक्ट करायचे, नव्या नकाशावर ओढायचे आणि डोळ्यांनी जुळवायचे. एकदा फोकसिंगला, म्हणजे दिवे नेमक्या जागी रोखताना, शिडीवरून हाक आली, "ताई, हा तर विंगेत पडतोय!" प्लॉट दीड फूट उजवीकडे सरकला होता. पडदा साडेनऊचा, घड्याळात सात. पुढचं सांगत नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलला एकच शून्य असतं: सेंटर लाइन (रंगमंचाची मध्यरेषा) आणि प्रोसिनियमची, म्हणजे रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची, मागची कड जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू. नाट्यगृहाकडून आलेल्या नकाशातली मध्यरेषा डोळे झाकून धरू नका. कधीकधी ती इमारतीची असते, रंगमंचाची नसते. प्रोसिनियमच्या दोन्ही कडांमधलं अंतर मोजून मध्य स्वतः काढा. त्याच फेरीत एककंही तपासा. समजा, प्रोसिनियमचं ओपनिंग तीस फुटांचं आहे; त्याला 'डिस्ट' ही अंतर मोजायची कमांड लावल्यावर 9144 (मिलिमीटर) ऐवजी 360 दिसलं तर नकाशा इंचात आहे, 25.4 ने 'स्केल' करा.

आता मूव्ह. आधी फाइलची प्रत काढा आणि सगळे लेयर (नकाशाचे थर) अनफ्रीझ, अनलॉक करा. 'ऑल' म्हटलं तरी फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेयरवरचं काही निवडलं जात नाही. एकदा माझे सगळे दिवे गेले आणि फोकसचे गोल (प्रकाश कुठे पडायचा त्याच्या खुणा) जुन्या जागी बसून राहिले, वरात पुढे आणि नवरदेव मागे. 'यूसीएस', म्हणजे अक्षांची मांडणी, मूळच्या 'वर्ल्ड'वर आणा. मग मूव्ह, ऑल, एंटर. बेस पॉइंट म्हणून इंटरसेक्शन स्नॅपने तो छेदबिंदू पकडा आणि दुसऱ्या बिंदूला #0,0 टाइप करा. ती हॅशची खूण महत्त्वाची. डायनॅमिक इनपुट (कर्सरजवळच आकडे टाइप करायची सोय) चालू असताना नुसतं 0,0 लिहिलंत तर ऑटोकॅड समजतं 'इथून शून्य अंतर', आणि काहीच हलत नाही. खात्रीसाठी 'आयडी' कमांड देऊन त्याच बिंदूवर क्लिक करा. एक्स आणि वाय दोन्ही शून्य दिसायला हवेत.

नव्या नाट्यगृहाच्या नकाशालाही त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये हेच करा. मग तो प्लॉटमध्ये 0,0,0 वर एक्सरेफ (बाहेरून जोडलेली फाइल) म्हणून जोडा. दोन्ही आपोआप एकावर एक बसतात. पुढच्या गावाला फक्त एक्सरेफ बदलायचा.

इथवर यंत्राचं काम होतं. खरी डोकेफोड पुढे आहे, कारण नेपथ्य शून्याला धरून बसतं, पण बार (दिवे टांगायच्या आडव्या नळ्या) त्या नाट्यगृहाचे असतात. एकेका बारवरचे दिवे निवडा, एफ8 ने ऑर्थो चालू करा आणि फक्त पुढेमागे सरकवून जवळच्या बारवर न्या. फोकसचे गोल मात्र हलवू नका, नट तिथेच उभा राहणार आहे.

सगळ्यात जास्त वेळ फ्रंटला, म्हणजे समोरून चेहऱ्यावर येणाऱ्या दिव्यांना, द्या. समजा, जुन्या जागी फ्रंट बार नटापासून आडव्या अंतरात 6 मीटरवर होता आणि चेहऱ्यापेक्षा 3.9 मीटर उंच. कोन साधारण 33 अंश, दिव्यापासून चेहरा 7.2 मीटर. नव्या जागी तेवढ्याच उंचीचा बार 9 मीटरवर आहे. कोन 23 वर उतरला, थ्रो, म्हणजे दिव्यापासून चेहऱ्याचं अंतर, 9.8 मीटर झाला. 26 अंशांचा प्रोफाइल (रेखीव कडेचं वर्तुळ पाडणारा दिवा) जुन्या जागी जवळपास 3.3 मीटरचं वर्तुळ देत होता. इथे तोच साडेचार मीटर पसरेल आणि मागच्या फ्लॅटवर (नेपथ्याच्या भिंतीवर) सांडेल. 19 अंशांची लेन्स ट्यूब घातली की पुन्हा 3.3. कोन मात्र ट्यूबने सुधारत नाही. नटाची सावली लांबून मागे जाणारच, ती कुठे पडते हे सेक्शनमध्ये (रंगमंचाच्या उभ्या छेदाच्या नकाशात) रेघ मारून बघा आणि दिग्दर्शकाला आदल्या दिवशीच सांगा.

शेवटी लेआउट (छपाईचं पान) उघडा. व्ह्यूपोर्ट, म्हणजे त्यातली नकाशा दाखवणारी खिडकी, प्लॉट हलल्यामुळे रिकामा दिसेल, घाबरू नका. आत जाऊन प्लॉट दिसेपर्यंत पॅन करा, 1:50 पुन्हा निवडा आणि व्ह्यूपोर्ट लॉक करा. प्रिंटवर सेंटर लाइन जाड काढा आणि प्रत्येक दिव्याचं तिच्यापासूनचं अंतर फुटांत लिहा. माझी फाइल मिलिमीटरमध्ये असते, पण शिडीवरच्या दादांच्या खिशातला टेप फुटांचा असतो.