कुत्र्याच्या लवेपासून घोंगडीच्या लोकरीपर्यंत: मासेमारीची फ्लाय बांधताना

फ्लाय म्हणजे माशाला किडा किंवा लहान मासा वाटावा म्हणून गळावर केस, लोकर व दोरा बांधून केलेली खोटी माशी. ती बांधण्याच्या इंग्रजी पुस्तकांत सशाच्या कानाची लव, हरणाच्या शेपटीचे केस अशी सामग्री सांगितलेली असते आणि मुंबईत ती शोधायला निघालेला नवशिका बहुधा पहिल्याच आठवड्यात हताश होतो. खरे पाहता त्या प्राण्याच्या नावाला फारसे महत्त्व नाही. केस पाण्यात गेल्यावर कसा वागतो, हवा धरून ठेवतो की पाणी शोषतो, सरळ राहतो की फुलतो, हे पाहिले म्हणजे पुरे. १९०० च्या सुमारास इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात आर. एस. ऑस्टिन यांनी एक फ्लाय बांधली, तिच्या अंगात एडक्याच्या वृषणावरची लोकर मिसळलेली होती आणि हे मिश्रण बराच काळ गुपित राखले गेले होते. त्या मानाने शेजाऱ्यांच्या लॅब्राडोरचे केस मागणे मुळीच अवघड नाही.

सामग्री गोळा करण्यापूर्वी कायद्याची बाजू नीट समजून घ्यावी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित प्राण्यांचे केस बाळगणे हाही गुन्हा ठरू शकतो. चित्रकारांच्या ब्रशांसाठी मुंगुसाचे केस पूर्वी सर्रास वापरले जात, आज तो व्यापार बेकायदेशीर आहे. चितळ, सांबर, रानातला ससा, शेकरू यांना हात लावू नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला एखादा प्राणी गाडीखाली मेलेला दिसला तरी त्याचे केस उचलू नयेत, कारण मृत सापडलेला वन्यप्राणीही कलम ३९ अन्वये सरकारची मालमत्ता असतो. पाळीव प्राण्याच्या अंगावरून आपसूक झडलेला केस मात्र निर्धोक आहे, आणि आपल्याला तेवढाच हवा आहे.

कुत्र्याच्या अंगावर दोन प्रकारचे केस असतात. वरचे राठ, चकचकीत असतात आणि खाली कापसासारखी मऊ लव असते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर ही लव भरपूर असते आणि केस गळण्याच्या दिवसांत कंगव्यात मूठमूठ निघते. कात्रीने कापलेले केस घेऊ नयेत, त्यांत राठ केसांचे बोथट तुकडेच जास्त येतात. विंचरून निघालेले घ्यावेत. गोचिडांचे औषध नुकतेच फवारलेल्या कुत्र्याचे केसही टाळावेत. पर्शियन मांजराची लव याहून बारीक असते, परंतु ती इतकी गुळगुळीत असते की एकटी दोऱ्यावर टिकत नाही, तिच्यात दुसरे काही मिसळावेच लागते. आणि ते दुसरे काही आपल्याकडे घरातच असते: दख्खनी मेंढीच्या लोकरीची जुनी घोंगडी. तिच्या काठाचे धागे उसवले की काळी, खरबरीत लोकर मिळते. इतका टोचरा काळा रंग विकतच्या पाकिटातही सहसा सापडत नाही.

केस धुताना कोमट पाण्यात शाम्पूचे दोनच थेंब टाकावेत. फार रगडल्यास नैसर्गिक तेल निघून जाते आणि केस निर्जीव होतो. लोकर तर गरम पाण्यात कधीही हलवू नये. मी पहिल्यांदा घोंगडीचे धागे आणि हस्कीची लव एकाच बरणीत गरम पाण्यासह खळबळून काढली, तेव्हा अर्ध्या तासाने हाती आला तो नमद्याचा, म्हणजे एकमेकांत गुंतून दाबल्या गेलेल्या लोकरीचा, घट्ट गोळा. तो अजून माझ्याकडे सुया टोचून ठेवायला आहे. वाळवण्यासाठी लव जुन्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून खिडकीला टांगावी. वर्तमानपत्रावर पसरली आणि कोणी नकळत पंखा लावला, तर ती आठवडाभर वरणभातात सापडत राहते.

मिसळण्याचे काम वाळल्यावर हातानेच करावे. दोन भाग लव आणि एक भाग लोकर घेऊन चिमटीत धरावी, ओढून तोडावी, एकावर एक ठेवावी आणि पुन्हा तोडावी. असे पंधरावीस वेळा केल्यावर रंग एकजीव होतो. थोडे राठ केस मुद्दाम राहू द्यावेत, कारण पाण्यात किड्याच्या पायांसारखे दिसणारे तेच असतात.

आता प्रत्यक्ष बांधणी. गोड्या पाण्यातल्या चिलापीसाठी बारा नंबरचा गळ पुरतो. त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा आणि गळ वाइसमध्ये, म्हणजे तो घट्ट धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंज्यात, असा बसवावा की दांडा आडवा राहील. दोरा नेढ्याच्या मागे थोडी जागा सोडून सुरू करावा आणि जवळजवळ वेटोळे घालत गळाच्या बाकापर्यंत न्यावा. तेथे आठदहा राठ केस शेपटी म्हणून बांधावेत, त्यांची लांबी दांड्याच्या निम्मी ठेवावी. त्याच जागी तांब्याची बारीक तार अडकवावी. बिघडलेल्या इअरफोनच्या वायरमधली चालते, आणि भुलेश्वरच्या लेस-जरीच्या दुकानांतली बारीक जरीची तार वापरली तर माशीला छान चमक येते.

यानंतर दोऱ्याला मधमाशीचे मेण चोळून लव चढवायची असते, आणि हात बिघडतो तो नेमका येथेच. जेवढी लव पुरेशी वाटते तिच्या निम्मीच घ्यावी. ती दोऱ्याभोवती अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये एकाच दिशेने वळावी. मागेपुढे वळल्यास ती लगेच सुटते. देवापुढच्या फुलवातीसारखी नव्हे, तर समईच्या लांब वातीसारखी, टोकाला निमुळती अशी ती झाली पाहिजे. शेपटीपासून पुढे वेढे घेताना अंग हळूहळू जाड होत जावे. तारेचे चारपाच वेढे मात्र लवेच्या उलट दिशेने घ्यावेत, म्हणजे माशाचे दात लागून एखादा वेढा सुटला तरी अख्खे अंग उलगडत नाही. पुढच्या तृतीयांशात लव थोडी अधिक घालावी, दोऱ्याच्या गाठी मारून डोके पूर्ण करावे आणि त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब सुईने सोडावा. नेढ्यात पॉलिश गेले तर ते लगेच टोचून काढावे. शेवटी आइस्क्रीमच्या काडीला वेल्क्रोचा तुकडा चिकटवून छातीजवळची लव हलक्या हाताने विंचरावी.

फ्लाय तयार झाल्यावर ती काचेच्या पेल्यात, साध्या पाण्यात सोडून पाहावी. प्रथम ती बुडबुडे धरून तरंगते, मग चिमटीत पिळली की खाली जाते आणि तेव्हाच तिचे खरे रूप दिसते. केस अंगाला चिकटून काडी झाली असेल तर लव फार मऊ आहे, लोकर वाढवावी. उलट पिळूनही ती तळाशी जात नसेल तर तारेचे वेढे वाढवावेत.

खाडीतल्या जिताड्यासाठी लांब केसांची, लहान माशासारखी दिसणारी फ्लाय लागते. हरणाच्या केसाऐवजी येथे बोकडाच्या दाढीचे केस उत्तम ठरतात. हरणाचा केस आतून पोकळ असल्याने फ्लाय वर उचलून धरतो, बोकडाचा भरीव असल्याने सरळ खाली जातो. त्यामुळे बांधताना दोरा हरणाच्या केसावर जसा फुलोरा करतो तसा येथे करणार नाही, म्हणून केसांच्या बुडाला नेलपॉलिश लावून मगच दोरा आवळावा. व्हायोलिनच्या गजाचे घोड्याचे केस वाद्यदुरुस्तीच्या दुकानांत टाकाऊ म्हणून मिळतात, त्यांपैकी दोनतीन मध्ये घातले तर पाण्यात टोके थरथरतात. पवईच्या तलावावर मात्र परवानगी घेऊनच आणि काठावर उभे राहूनच गळ टाकावा. तेथे मगरी आहेत, त्यामुळे परदेशी पद्धतीने कमरेइतक्या पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

मुंबईच्या पावसाळ्यात या साठ्याला बुरशी आणि कसर हे दोन शत्रू असतात. लव पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरू नये. भरल्यावर पिशवी घट्ट बंद करून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, एक दिवस बाहेर काढावी आणि पुन्हा तीन दिवस ठेवावी. डांबराच्या गोळ्या घालू नयेत, त्यांचा वास लवेत मुरतो. पिशवीवर प्राण्याचे नाव ठळक लिहावे, नाहीतर मटाराच्या पाकिटाशेजारी ठेवलेल्या त्या पुरचुंडीबद्दल घरात बरेच स्पष्टीकरण द्यावे लागते.