न उकळायचा चहा: संत्रं, गूळ आणि रमचा गरम ग्लास

आपल्याकडे चहा म्हणजे उकळायचा. वर आला की आच कमी, पुन्हा वर येऊ द्यायचा, मग गाळायचा. हीच सवय घेऊन माणूस रम घातलेला कोरा चहा करायला जातो आणि ग्लासात उतरतं ते तुरट, कडू, नाकात झणकणारं काहीतरी. मग दोष रमला नाहीतर संत्र्याला. खरं तर या पेयात जे बिघडतं ते बहुतेक आचेवरच बिघडतं. चहा उकळला की तुरट होतो, संत्र्याचा रस उकळला की कडू होतो आणि रम उकळली की वास घरभर जातो, ग्लासात काही राहत नाही.

इंग्रजीत या जातीच्या पेयाला हॉट टॉडी म्हणतात. टॉडी हा शब्द आपल्या ताडीवरूनच तिकडे गेला. ताडीचा आणि या ग्लासाचा बाकी काही संबंध नाही.

सोलापुरात याचे दिवस मोजून दोन महिने. डिसेंबरात हुरडा सुरू होतो तेव्हापासून गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, उठेपर्यंत, फार तर जानेवारी संपेपर्यंत. त्यानंतर ऊन असं तापायला लागतं की गरम ग्लासाचं नावही नको वाटतं. नशीब एवढंच, की संत्रीही याच दिवसांत गाड्यावर असतात.

एका ग्लासाचं माप असं: कोरा चहा १३० मिली, गुळाचा पाक २० मिली, संत्र्याचा रस ३० मिली, लिंबाचा रस १० मिली आणि डार्क रम ४५ मिली, म्हणजे दीड स्मॉल. सगळं मिळून २३५ मिली होतं, त्यामुळे ३०० मिलीचा मग घ्या. मोजायला काही नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण धुऊन वापरा. त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात आणि लिंबासाठी त्याहून सोयीचं माप नाही. अंदाजाने लिंबू पिळणं ही पहिली चूक. ५ मिली जास्त झालं की ग्लास आंबट होतो, मग गूळ वाढतो आणि शेवटी सरबत होतं.

गुळाचा पाक

हा आधी करून ठेवायचा. १०० ग्रॅम गूळ चिरून १०० मिली पाण्यात मंद आचेवर विरघळवा. विरघळला की लगेच उतरवा; तार वगैरे आणायची नाही. फडक्यातून गाळा, कारण गुळात बारीक कचरा आणि वाळू असते आणि ती ग्लासाच्या तळाशी शेवटच्या घोटाला दाताखाली येते. साधारण १६० मिली पाक होतो, म्हणजे आठ ग्लासांची सोय. २० मिलीत साडेबारा ग्रॅमच्या आसपास गूळ जातो. संत्रं फार गोड असेल तर १५ मिलीवर थांबा.

गूळ काळसर घ्या. पांढरा-पिवळा देखणा गूळ नुसता गोड लागतो. चिक्कीचा गूळ नकोच. साखर चालते, पण मग रमला जोडीदार उरत नाही. रम होते मळीपासून आणि मळी येते साखर कारखान्यातून. गूळ आणि रम एकाच उसाची दोन लेकरं. डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या माणसाला हे नातं समजावून सांगायला नको.

चहा

शक्य असेल तर पानाचा चहा घ्या: दार्जिलिंग नको, तो रमपुढे टिकत नाही; आसामचा किंवा निलगिरीचा घ्या. दीडशे मिली पाण्याला एक सपाट चमचा भरून. पानाचे चमचे हलके असतात, त्यामुळे थोडं शिगेला गेलं तरी चालेल. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा, मग चहा घालायचा, झाकण ठेवायचं आणि तीन मिनिटांनी गाळायचं. पाच मिनिटं ठेवलात तर जीभ कोरडी पडते. लिंबू त्यावर पडलं की ती तुरटी आणखी टोचते. दुधाच्या चहात हे कळत नाही कारण दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात. इथे दूध नाही, त्यामुळे चहाला लपायला जागाच नाही.

घरात नेहमीची दाणेदार पावडरच असेल तर चमचा अर्धा आणि वेळ दीड मिनिट. ही पावडर चुरून वळलेली असते, रंग आणि तुरटी दोन्ही लगेच सोडते. गाळताना चोथा चमच्याने दाबू नका. दुधाच्या चहात शेवटचा थेंब काढायची जी सवय असते, तिने इथे नुसता कडवटपणा खाली येतो.

पाण्याचीही एक गोष्ट आहे. बोअरचं जड पाणी असेल तर कोऱ्या चहावर तेलकट, चकाकणारी साय धरते. ते तेल नव्हे. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं यांची ती जाळी. पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरलं की प्रश्न मिटतो. लिंबू घातल्यावर चहाचा रंग एकदम उतरून तांबूस होतो, त्याला मात्र घाबरू नका. आंबटामुळे रंग उजळतो, चहा पातळ झालेला नसतो.

मसाला थोडाच. दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, आल्याच्या तीन पातळ चकत्या. हा मसाला पाण्यातच घालून दोन मिनिटं उकळा. उकळायचं असेल ते एवढंच. चहा त्यानंतर. लवंगा चार झाल्या की जीभ बधिर होते आणि संत्र्याची चव समजेनाशी होते. दोन पाती गवती चहाची मिळाली तर आलं वगळा. आणि लवंग-दालचिनी काळ्या मसाल्याच्या डब्याशेजारून उचलू नका. कांदा-खोबऱ्याचा तो वास लवंगेला कसा चिकटतो ते एरवी कळत नाही, या ग्लासात पहिल्याच घोटाला कळतं. नवी पुडी फोडा.

संत्रं की मोसंबी

संत्रंच. मोसंबीचा रस काढल्यावर काही वेळाने कडू होतो, हे रसाच्या गाड्यावरून पार्सल आणलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फळात असताना जे द्रव्य बेचव असतं, ते रस निघाल्यावर आंबटाच्या संगतीने कडू लिमोनीनमध्ये बदलत जातं. गरम केलं की हेच काम झपाट्याने होतं. म्हणजे गरम पेयात मोसंबी घालणं हा कडूपणाला दिलेला आवतणाचा नारळ. संत्र्यातही थोडं हे होतंच, म्हणून रस आयत्या वेळी काढायचा आणि चुलीवर चढवायचा नाही.

गाड्यावर या दिवसांत दोन प्रकारची फळं दिसतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, बोटाने सुटते. किन्नू चकचकीत, घट्ट सालीचा, रसाला भरपूर पण बियांनी भरलेला. किन्नू घेतलात तर मिक्सरमध्ये फिरवू नका. बिया फुटल्या की रस गेलाच. अर्धा कापून हाताने पिळा आणि गाळा. मध्यम नागपुरी संत्र्यातून पन्नास-साठ मिली रस निघतो, म्हणजे एका फळात जवळजवळ दोन ग्लास. लिंबू कागदी, पातळ सालीचं. पिळण्याआधी ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवा. लोखंडी चिमट्याच्या पिळणीत सालीसकट दाबू नका, सालीचं कडू तेल रसात उतरतं.

हेच सालीचं तेल मात्र वरून हवं, आणि इथे हात चालवायचा. संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा, कारण चमकदार फळांवर मेण लावलेलं असतं. साल काढायच्या सोलाण्याने अंगठ्याएवढी पट्टी काढा. आतला पांढरा भाग आला असेल तर सुरीने खरवडून टाका, तो कडू असतो. ग्लास भरून तयार झाला की पट्टी त्यावर धरायची, केशरी बाजू खाली, आणि दोन्ही हातांच्या चिमटीत मुडपायची. उजेडासमोर बघितलंत तर बारीक फवारा उडताना दिसतो आणि पृष्ठभागावर तेलाची बारीक नक्षी उमटते. मग तीच पट्टी ग्लासाच्या कडेवरून फिरवून आत सोडा. पेय तोंडाशी नेताना जो वास येतो तो रसाचा नसतो, या फवाऱ्याचा असतो. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्याने पट्टी तुटते. ती फळ सोलण्याआधी, अख्ख्या फळावरूनच काढा.

आता एकत्र करणं

मगमध्ये कडकडीत पाणी भरून ठेवा. थंड जाड मग चहाची पाचेक अंश उष्णता सहज खातो. काचेचा ग्लास असेल तर आत स्टीलचा चमचा उभा ठेवून मग गरम पाणी ओता, म्हणजे तडकणार नाही. स्टीलचा पेला नको. ओठ पोळतात आणि बोटंही.

गाळलेला चहा आणि पाक एकत्र करून पुन्हा मंद आचेवर ठेवा. पातेल्याच्या कडेला मोत्यांसारखे बारीक बुडबुडे धरले की बंद. तेव्हा तापमान ८५ ते ९० अंशांच्या दरम्यान असतं. मगमधलं पाणी ओतून द्या. आधी रम, मग संत्र्याचा आणि लिंबाचा रस मगमध्ये घाला आणि त्यावर गरम चहा ओता. क्रम असा का, तर चहा वरून पडताना सगळं आपोआप मिसळतं, ढवळावं लागत नाही आणि वाफ कमी उडते. १५० मिली गरम चहा-पाकात घरातल्या तापमानाचे ८५ मिली मिसळले की पेय साठ-बासष्ट अंशांवर येतं. फुंकर न घालता घोट घेता येतो. रस फ्रिजमधून थेट काढला असेल तर हाच ग्लास कोमट होतो. मग लोक तो पुन्हा गॅसवर ठेवतात आणि तिथेच सगळं संपतं. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं. परत तापवलेला ग्लास म्हणजे नाकात जाणारी झणक आणि जिभेवर उरलेलं आंबट गुळवणी.

बाटली पेटत्या गॅसजवळ आणू नका. पातेल्यात बाटलीने रम ओतायची हौस असेल तर ती सोडा, वाफ पेटते.

रमऐवजी ब्रँडी चालते, तेव्हा पाक १५ मिली करा. व्हिस्की चालून जाते. व्होडकाला वासच नाही, मग घालायची कशाला? फ्लेवर घातलेल्या रममध्ये बहुधा व्हॅनिलाचा वास असतो आणि तो संत्र्याशी भांडतो. साधी डार्क रम, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेली. त्या हिशोबाने या ग्लासात आठ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. चव गोड आणि गरम असल्याने ते जाणवत नाही, म्हणून दोन ग्लासांवर थांबलेलं बरं.

शेतावर, हुरड्याला

दहा जणांसाठी दोन भांडी न्यायची, एक नाही. थर्मासमध्ये १३०० मिली चहा आणि २०० मिली पाक. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्या. दुसऱ्या काचेच्या बाटलीत ३०० मिली संत्र्याचा रस, १०० मिली लिंबाचा रस आणि ४५० मिली रम. सहा संत्री आणि सात-आठ लिंबं लागतील. ही बाटली निघण्याआधी भरायची, सकाळी नाही. प्रत्येक मगमध्ये बाटलीतून ८५ मिली आणि थर्मासमधून १५० मिली. शेतावर मोजमापाच्या भानगडीत कोणी पडत नाही, म्हणून घरीच एका मगवर दोन ठिकाणी मार्करने रेघ मारून न्या. पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात रस ठेवू नका. आंबट धातू ओढतं.

ज्यांना घ्यायची नाही त्यांच्यासाठी रम वगळून चहा १७० मिली करा आणि चिमूटभर मीठ घाला. मिठाने रमची जागा भरत नाही, पण गुळाचा बोजडपणा जातो. त्यांच्यासाठी रसाची बाटली वेगळी, हे आधीच लक्षात ठेवा.

सोबत भाजलेल्या शेंगा, हुरडा, दही. शेंगा चटणी आपली शान खरी, पण तिच्यातला लसूण या ग्लासाचा वास मारतो. ती भाकरीबरोबर, नंतर.

एक गैरसमज थंडीतच अंगाशी येतो. दारूने अंग गरम वाटतं कारण त्वचेकडचं रक्त वाढतं. प्रत्यक्षात त्याच वाटेने शरीरातली उष्णता बाहेर जाते. उघड्या रानात ग्लास घेतल्यावर चादर काढायची नाही, ओढायची. सर्दीची गोळी घेतली असेल तर रम नको. गाडी चालवणाऱ्याला मिठाचा ग्लास. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. महाराष्ट्रात रम-ब्रँडीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही. २६ जानेवारीला दुकानं बंद असतात, त्या सुट्टीला हुरड्याचा बेत असेल तर सामान आदल्या दिवशी आणा.

उरलेला पाक स्वच्छ बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, आठवडाभर टिकतो. थर्मासमधला उरलेला चहा गार होताना गढूळ होतो. तो बिघडलेला नसतो, थोडा गरम केला की निवळतो. रस आणि रम मिसळलेलं उरलं असेल तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, सकाळपर्यंत ते कडू झालेलं असतं.