आजी-आजोबा आणि मुलांना एकत्र आणताना या चुका टाळा

1 ऑक्टोबर, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन, आला की सोसायटीच्या हॉलमध्ये ठरलेला कार्यक्रम होतो. आजी-आजोबा व्यासपीठावर, अंगावर शाल, हातात नारळ. समोर मुलांचा नाच. मग भाषण, मग बटाटेवडे. दोन पिढ्या दोन तास एका छताखाली असतात आणि एकमेकींशी एक वाक्यही बोलत नाहीत.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. सत्कारमूर्तीला काही कामच नसतं. उतारवयात तब्येत राखायची तर घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि ‘कुणीतरी माझी वाट बघतंय’ यापेक्षा भक्कम कारण नाही. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये ‘एक्सपिरियन्स कोअर’ या उपक्रमात ज्येष्ठांना प्राथमिक शाळांमध्ये मुलांना वाचायला शिकवायची जबाबदारी दिली, तीही आठवड्याला सुमारे 15 तास. त्यांना व्यायाम करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. तरी शाळेत जाण्या-येण्यात आणि मुलांच्या मागे त्यांचं चालणं-फिरणं वाढलं. आपल्याकडे मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 2016 साली आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, हातात पाटी. तिथे नातवंडं घरी आजीचा अभ्यास घेतात. देणंघेणं कुठल्या दिशेने आहे हे महत्त्वाचं नाही, ते खरं असलं म्हणजे झालं.

तेव्हा कार्यक्रम ठरवण्याआधी काम ठरवा. भोंडला घ्या. गाणी आजींना पाठ, फेर धरायला मुली हव्यात, आणि खिरापत ओळखायला सगळेच तयार. परसबाग, सायकल दुरुस्ती, बुद्धिबळ, काहीही चालेल. मात्र दर आठवड्याला, ठरल्या वारी. वर्षातून एकदा भेटलेल्या माणसाचं नावसुद्धा लक्षात राहत नाही.

‘मोबाइल शिका’ वर्ग हा सध्याचा लाडका उपक्रम. तिथे हमखास होणारी चूक म्हणजे शिकवणारा मुलगा फोन स्वतःच्या हातात घेतो, “असं, असं आणि असं” म्हणतो, आणि परत देतो. आजोबांना काही कळलेलं नसतं, पण विचारायची लाज वाटते. नियम एकच: बोट आजोबांचंच हलेल. एका दिवशी एकच गोष्ट, उदाहरणार्थ व्हिडिओ कॉल लावणं. आणि ओटीपी कुणालाही, अगदी शिकवणाऱ्यालाही, सांगायचा नाही, हा धडा पहिल्याच दिवशी.

आता नेहमीच्या तक्रारी.

मुलं येत नाहीत? वेळ बघा. ज्येष्ठांना सोयीची म्हणून पाचची वेळ ठेवली तर ती मुलांच्या खेळाची किंवा क्लासची असते. रविवारी सकाळी जमतं. आणि मुलांना ‘मोठ्यांचा आदर करा’ असं बजावून आणू नका. पोरं तिथूनच पळतात.

आज्या येतात, पण गप्प बसतात? बहुधा सभेचा ताबा दोन-तीन आजोबांकडे असतो. (निवृत्त माणसाच्या हाती माइक देताना दहादा विचार करावा.) गोलात बसा, माइक कपाटात ठेवा, चार-पाच जणांचे गट करा. कुणाला ऐकू कमी येत असेल तर पंख्याच्या घरघरीपासून लांब, बोलणाऱ्याच्या समोर बसवा.

सुरुवातीची गर्दी ओसरली? जिना, टॉयलेट आणि खुर्च्या तपासा. दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, पाठ नसलेली बाकं आणि कुलूपबंद टॉयलेट असेल तर माणूस कारण न सांगता यायचा थांबतो.

व्यायाम घालायचा असेल तर नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबरच तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम तीन दिवस करायला सांगते. मुलांबरोबर एका पायावर उभं राहायची पैज लावता येते, पण खुर्चीची पाठ किंवा भिंत हाताशी हवी. फुगडी मात्र पोरींनाच घालू द्या; ज्यांचे गुडघे किंवा तोल साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी खुर्चीत बसून टाळ्या आणि उखाणे आहेतच.